टाकीत तेल आहे

श्रावणातल्या एका गुरुवारी, सकाळी बरोबर आठ वाजून चाळीस मिनिटांनी, जंगलातल्या चढावर गोवर्धनची पिकअप दोन आचके देऊन बंद पडली.

गोवर्धन तलावाकाठच्या एका गावचा. गाडी चालवण्यात हुशार, पण जिभेचा तिखट. दुसऱ्याची फजिती झाली की तो ती गावभर हातवारे करून सांगायचा. त्याची स्वतःची फजिती कधी झालीच नव्हती, निदान कोणाला दिसली नव्हती.

त्या दिवशी गाडीत साधा माल नव्हता. मागे हौद्यात चाळीस प्लॅस्टिकच्या पिशव्या होत्या. प्रत्येक पिशवीत थोडं पाणी, वर फुगवून भरलेला ऑक्सिजन, आणि पाण्यात बोटाच्या पेराएवढी मासोळीची पिल्लं. गावातल्या अकरा बायांनी मिळून तलाव सांभाळायला घेतला होता. त्यांच्या चुली त्या तलावावर पेटत. पिल्लं आणायला त्यांची म्होरकी पुस्तकलाबाई स्वतः गेली होती. साडेसहाला पिशव्या बांधताना मत्स्यबीज केंद्रातल्या माणसाने तिला दोनदा बजावलं, "साडेअकराच्या आत ही तलावात गेली पाहिजेत, बाई. हंगामातली शेवटची खेप आहे. मेली तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत माझ्याजवळ एक पिल्लू नाही."

म्हणून पुस्तकलाबाई केबिनमध्ये बसली नाही. ती मागे पिशव्यांजवळ बसली होती. आजारी लेकराच्या उशाशी बसावं तशी. उघाड पडली होती आणि ऊन चटके देत होतं. तिने पिशव्यांवर ओली पोती टाकली होती. दर थोड्या वेळाने ती पोतं उचलून आत पाहायची आणि परत झाकायची.

गाडी थांबताच तिने विचारलं, "काय झालं रे?"

काय झालं ते गोवर्धनला त्याच क्षणी कळलं होतं. तेलाचा काटा दोन महिन्यांपासून बंद होता. किती फिरलो यावरून तो तेलाचा अंदाज बांधायचा. पण काल संध्याकाळी सासऱ्याला पोचवायला लांब गेला होता, ती फेरी धरायची राहून गेली. सकाळी पंपासमोरून जाताना पुस्तकलाबाईने विचारलंही होतं, "तेल टाकायचं का?" आणि तो हसून म्हणाला होता, "पुरते, मावशी. मी काय टेकचंद आहे का?"

टेकचंद हा गावातला दुसरा ड्रायव्हर. मागच्या वर्षी लग्नाचं वऱ्हाड नेताना त्याच्या गाडीतलं डिझेल संपलं. नवरदेवासकट सगळ्यांना उतरून गाडी ढकलावी लागली. ही गोष्ट गोवर्धनने घरोघर सांगितली, नवरदेवाने मुंडावळ्या कशा सावरल्या त्याची नक्कलसुद्धा करून दाखवली. तेव्हापासून गावातली पोरं टेकचंद दिसला की विचारत, "काका, तेल पाहिलं का?" टेकचंद मान खाली घालून निघून जायचा.

आता त्याच गोवर्धनने कोणत्या तोंडाने सांगायचं, की तेल संपलं?

तो म्हणाला, "गरम झाली असेल, मावशी. पाणी घालतो, मग चालते."

"मग लवकर घाल बापा. नऊ वाजून राहिले."

गोवर्धनने पाच लिटरचा डबा उचलला आणि पाणी आणतो म्हणून निघाला. अर्ध्या कोसावर चार घरांचा टोला होता. तिथे एकाकडे शेतातलं इंजिन होतं. त्याच्याकडून त्याने डबाभर डिझेल मागून घेतलं आणि जवळजवळ पळतच परत आला. नशीब असं, की पुस्तकलाबाई तेव्हा पोती भिजवायला खाली नाल्यावर गेली होती. गोवर्धनने झटपट टाकीचं झाकण काढलं, सगळं डिझेल आत ओतलं आणि रिकामा डबा झुडपात फेकून दिला. हात पँटला पुसले. झालं, कोणाला काही कळायचं नाही.

त्याने चावी फिरवली. गाडीने घरघर केली. चालू झाली नाही.

पुन्हा फिरवली. पुन्हा तेच.

आता गोवर्धनच्या कपाळाला खरा घाम आला. टाकीत तेल आहे, मग गाडी का उठत नाही? त्याला हे माहीत नव्हतं, कारण त्याच्यावर ही वेळ कधी आलीच नव्हती. बाटलीतलं दूध संपलं तरी बाळ ती चोखतच राहतं, आणि मग त्याच्या पोटात वारा भरतो. वारा भरलेलं बाळ पुढ्यात दूध असलं तरी पीत नाही, रडतं. त्याला खांद्यावर घेऊन आधी ढेकर काढावी लागते. डिझेलच्या गाडीचंही तसंच असतं. तेल संपलं की तिच्या नळीत हवा जाते. नंतर टाकी काठोकाठ भरा, ती हवा काढल्याशिवाय इंजिन तेल घेत नाही.

गोवर्धन चावी फिरवत राहिला. दहा वेळा, पंधरा वेळा. घरघर हळूहळू बारीक होत गेली.

पुस्तकलाबाई ओली पोती घेऊन वर आली. तिने एक पिशवी उचलून उन्हाकडे धरली. पिल्लं गोल गोल फिरत होती. तिने पिशवी परत ठेवली आणि फोन काढून पाहिला. रेंज नव्हती.

"पाणी घातलं ना?"

"घातलं."

"मग?"

गोवर्धन खाली उतरला. त्याने बॉनेट उघडलं आणि आत पाहत उभा राहिला, पाहिल्याने काही होणार असल्यासारखा.

साडेनऊच्या सुमाराला चढावरून एक मोटारसायकल उतरली. पुस्तकलाबाईने दोन्ही हात वर करून ती थांबवली. चालवणारा टेकचंद होता.

गोवर्धन बॉनेटमध्ये आणखी वाकला. जगातलं दुसरं कोणीही चाललं असतं.

टेकचंद उतरला. त्याने पिशव्या पाहिल्या, पुस्तकलाबाईचं तोंड पाहिलं, आणि एकही वाकडा शब्द न बोलता शर्टाच्या बाह्या वर केल्या.

"सेल मारून पाहा," तो म्हणाला.

गोवर्धनने चावी फिरवली. घर्र, घर्र.

"बॅटरी हाय. सेल फिरते. मग तेल?"

"टाकीत तेल आहे," गोवर्धन म्हणाला.

टेकचंदने झाकण काढलं, वास घेतला, खांद्याने गाडी हलवली. आतून डुचमळ ऐकू आली. "हाय," तो म्हणाला. मग सरळ गोवर्धनच्या डोळ्यांत पाहून त्याने विचारलं, "मधात संपलं तर नव्हतं ना?"

हाच तो प्रश्न होता. त्याचं उत्तर एका शब्दाचं होतं.

गोवर्धनला क्षणभर वाटलं, सांगावं. पण त्याच्या डोळ्यांसमोर गावातली पोरं आली. त्यांचे दात दिसले. तो म्हणाला, "नाही. कसं संपेल? सांगितलं ना, टाकीत तेल आहे."

"बरं. म्या आपलं इचारलं."

टेकचंदने त्याच्यावर विश्वास ठेवला. तिथेच सगळ्यांचा रस्ता चुकला. आता तो बिघाड जिथे नव्हता तिथे शोधू लागला. त्याने बॅटरीच्या तारा सोडल्या, घासल्या, परत बांधल्या. दहा मिनिटं गेली. मग एक एक फ्यूज काढून उन्हात धरून पाहिला. दहा मिनिटं गेली. हवेचा फिल्टर काढला, झटकला, बसवला. तेलाच्या पंपावरची वायर तपासली. प्रत्येक वेळी म्हणायचा, "मार सेल." गोवर्धन सेल मारायचा. गाडी कण्हायची आणि गप्प व्हायची. गोवर्धनला आतून वाटायचं, आपल्या त्या एका शब्दाने हा माणूस उगाच घामाघूम होतो आहे. पण आता कसं सांगायचं? एकदा नाही म्हटलं होतं. जितका उशीर होत गेला, तितकं सांगणं जड होत गेलं.

मागून पुस्तकलाबाईचा आवाज आला. "पिल्लं वर येऊन राहिली."

दोघे धावत मागे गेले. तिने पोतं बाजूला केलं. पिशवीतली पिल्लं आता फिरत नव्हती. सगळी पाण्याच्या वरच्या थराला लागून, तोंडं उघडत होती, मिटत होती. शेकडो इवली तोंडं. आवाज काहीच नव्हता.

"किती वाजले?" तिने विचारलं.

"दहा पाच."

"टेकचंद, तू गावात जाऊन दुसरी गाडी आणशील का?"

"जाऊन-येऊन दीड तास, बाई. मंग इथून तलाव अजून पाऊण तास. नाही पुरणार."

"फटफटीवर नेशील का?"

"दोन पिशव्या जातील. चाळीस नाही."

पुस्तकलाबाई पिशव्यांकडे वळली. तिने कोपऱ्यातली एक पिशवी उचलली. तिच्यात दहा-बारा पिल्लं पांढरी पोटं वर करून तरंगत होती. मग तिने एकदम त्या पिशवीचं रबर सोडायला घेतलं.

"काय करता, मावशी?" गोवर्धनने विचारलं.

"नाल्यात सोडते."

"नाल्यात? वाहून जातील ना. आपल्या तलावात एक येणार नाही."

"जातील तिकडे जातील. मरणार तर नाहीत." तिचा आवाज शांत होता. "अकरा घरी काय सांगायचं ते सांगीन मी. पण यांना इथं डोळ्यांदेखत मरू देणार नाही. धर तू ती दुसरी. एकेक करून नेऊ."

ती पिशवी छातीशी धरून उतारावरून नाल्याकडे निघाली. गोवर्धन तिला पाहत राहिला. ती पाण्यात गुडघाभर उतरली. वाकली. पिशवी तिरपी केली. पाण्यात क्षणभर चांदीसारखी चमक उठली, आणि वाहत्या पाण्याने ती ओढून नेली. तलाव अगदी उलट्या दिशेला होता.

ती रिकामी पिशवी हातात घेऊन परत आली आणि दुसऱ्या पिशवीचं रबर सोडू लागली.

तेव्हा गोवर्धनने तिच्या हातावर हात ठेवला.

"नका सोडू," तो म्हणाला. मग तो वळला. "टेकचंदभाऊ, तेल संपलं होतं."

टेकचंद फिल्टरपाशी वाकला होता. तो तसाच थांबला. "कधी?"

"थांबली तेव्हाच. मी टोल्यावरून आणून टाकलं. तुम्ही विचारलं तेव्हा मी खोटं सांगितलं."

पुस्तकलाबाईने गोवर्धनकडे पाहिलं. "मी पोती भिजवायला गेली तेव्हा टाकलं?"

"हो."

"आणि मला पाणी सांगितलं."

"हो, मावशी."

तिने सुटत आलेलं रबर परत दोन वेढे देऊन घट्ट केलं. "बोलणं मागून होईल," ती म्हणाली. "आता हात चालवा."

टेकचंद तर केव्हाच कामाला लागला होता. तो हसला नाही, टोमणा मारला नाही. फक्त म्हणाला, "हवा घेतली तिनं. पाच मिनिटांचं काम हाय. त्या वऱ्हाडाच्या वेळी चार तास गेले होते मला हे कळायला." त्याने डिझेल फिल्टरवरचा एक छोटा बोल्ट पान्याने सैल केला आणि त्याच्या शेजारच्या अंगठ्याएवढ्या हातपंपाकडे बोट दाखवलं. "दाब. थांबू नको."

गोवर्धन अंगठ्याने पंप दाबू लागला. बोल्टपाशी फुसफुस झाली. मग फेस आला. साबणाच्या पाण्यासारखा, बुडबुड्यांचा. दाबून दाबून अंगठा लाल झाला. फेस येतच राहिला. पुस्तकलाबाई मागून पोतं झाकत ओरडली, "अजून किती?" मग बुडबुडे विरळ झाले. एक, दोन. आणि शेवटी बोल्टमधून सरळ, स्वच्छ, न तुटणारी धार आली.

"झालं." टेकचंदने बोल्ट कसला. "मार सेल."

गोवर्धनने चावी फिरवली. टक. फक्त टक. बॅटरी बसली होती. एका खोट्यापायी तासभर सेल मारून मारून तिचा सगळा जोर संपला होता.

टेकचंदने मागे उतार पाहिला. उतार सरळ नाल्यावरच्या रपट्यापर्यंत, त्या बुटक्या पुलापर्यंत जात होता. रपट्याला कठडा नव्हता. "क्लच दाबून रिव्हर्समध्ये टाक," तो म्हणाला. "ब्रेक सोड, गाडी मागं जाऊ दे. वेग आला की क्लच सोड. पण एकच डाव हाय, गोवर्धन. रपट्याच्या आत उठली नाही, तर आपण तिघं मिळून ही गाडी परत वर ढकलू शकणार नाही."

"मावशी, तुम्ही उतरा," गोवर्धन म्हणाला.

"मी नाही उतरत. पिशव्या कोण धरेल?"

गोवर्धनने ब्रेक सोडला. गाडी आधी हललीच नाही. टेकचंदने पुढून खांदा लावला. मग चाकं कुरकुरली आणि गाडी मागे सरकू लागली. झाडं उलटी पुढे जाऊ लागली. आरशात रपटा मोठा होत गेला. गोवर्धनने क्लच सोडला. गाडीने हिसका दिला, ठसकली, काळा धूर ओकली आणि बंद झाल्यासारखी झाली. त्याने परत क्लच दाबला, गाडीला अजून थोडी धाव दिली. रपटा दहा हातांवर होता. आठ हातांवर होता. त्याने क्लच सोडला.

इंजिन एकदा अडखळलं. मग धडधडलं.

गोवर्धनने क्लच दाबून ब्रेक असा मारला की पुस्तकलाबाई पिशव्यांवर पालथी पडली. मागची चाकं रपट्याच्या तोंडाशी थांबली. इंजिन चालू होतं. तेव्हा दहा वाजून सव्वीस मिनिटं झाली होती.

टेकचंद मोटारसायकलवर पुढे, रस्त्यातली गुरं बाजूला करत. मागे गाडी. अकराला गावाचं देऊळ दिसलं. अकरा वाजून बारा मिनिटांनी गाडी तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर उभी राहिली. दहा बाया पदर खोचून पाण्याशी वाट पाहत होत्या. त्यांची पोरंही होती.

पिशव्या लगेच फोडत नाहीत. तलावाच्या पाण्यात आधी तशाच तरंगत ठेवतात, म्हणजे आतलं पाणी आणि बाहेरचं पाणी सारखं होतं. ती पंधरा मिनिटं सगळ्यांना फार मोठी वाटली. मग पुस्तकलाबाईने पहिलं रबर सोडलं. पिल्लं तोंडाशी आली, थांबली, आणि एकदम सुळकन निळ्या पाण्यात गेली. कोणीतरी श्वास सोडल्याचं ऐकू आलं.

पस्तीस पिशव्या अशा मोकळ्या झाल्या. चार पिशव्यांत काहीच हललं नाही. एक पिशवी नाल्यात गेली होती.

त्या चार पिशव्या पाळीवर ओळीने ठेवल्या. एका म्हातारीने वाकून पाहिलं आणि विचारलं, "यांचं काय झालं? इतका उशीर कशानं?"

टेकचंद वळून निघाला. त्याने मोटारसायकल चालू केली. पुस्तकलाबाई पाण्यात उभी राहून गोवर्धनकडे पाहत होती.

गोवर्धनने टोपी काढून हातात घेतली. समोर अकरा बाया होत्या आणि त्यांची पोरं होती.

"गाडीतलं तेल संपलं होतं," तो म्हणाला. "ते माझ्या चुकीनं. पण ही पिल्लं तेल संपल्यानं नाही मेली. मी खोटं बोललो म्हणून मेली. टेकचंदभाऊनं विचारलं तेव्हाच खरं सांगितलं असतं, तर चाळीसच्या चाळीस पिशव्या इथं आल्या असत्या."

पोरांपैकी एकजण हसायला गेला. त्याच्या आईने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो गप्प झाला.

म्हातारी मेलेल्या पिल्लांची एक पिशवी उचलायला वाकली. गोवर्धनने ती तिच्या हातून घेतली. चारही पिशव्या त्याने उचलल्या, पाळीपलीकडे नेल्या आणि स्वतःच्या हाताने खड्डा खणू लागला. टेकचंदने मोटारसायकल बंद केली, उतरला, आणि दुसऱ्या बाजूने माती ओढू लागला.

तात्पर्य: तेल सगळ्यांचंच कधीतरी संपतं, त्यात लाज नाही. पण मदत करायला आलेल्याला अर्धंच खरं सांगितलं, तर तो हुशार असूनही आंधळा होतो, आणि आपल्या लाजेची किंमत भलताच जीव मोजतो. तुमच्या घरात, शेजारात कोणी डिझेलची गाडी चालवत असेल, तर त्याला ही गोष्ट जरूर सांगा: तेल संपलं तर आधी हवा काढ, आणि कोणी विचारलं तर आधी खरं सांग.